मोठ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जास्त वर्षं कसा टिकवायचा? इंदूरच्या मालक-चालकांचे नेहमीचे प्रश्न

देवास नाक्याच्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे. समोरून दिवसरात्र ट्रक आणि बस जातात, आणि आता घरोघरी मोठ्या ऑटोमॅटिक गाड्या आल्यामुळे त्याही रॅम्पवर चढतात. फोनवर आणि काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. ज्या गाड्यांचे गिअरबॉक्स आमच्याकडे उघडावे लागले, त्यांतल्या बऱ्याच वेळेवर ऑइल बदललं असतं तर वाचल्या असत्या. म्हणून ऑइलबद्दलचं लिहिणं इथे सगळ्यात लांबलं आहे.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे एवढंच ठाऊक आहे. देखभाल सगळ्यांची सारखीच ना?

नाही. मोठ्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती येतात. पहिली टॉर्क कन्व्हर्टरवाली. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, सफारी, हॅरिअर यांचे सहा गिअरचे ऑटोमॅटिक याच जातीचे. अनेक सिटी बस, कचरा दाबून भरणारे कॉम्पॅक्टर ट्रक आणि अग्निशमन बंबांत ॲलिसन कंपनीचे बॉक्स असतात, तेही हेच. यात इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे जाते. त्यामुळे तेच ऑइल वंगण असतं, तेच थंडावा देतं, त्याच्याच दाबावर गिअर पडतात.

दुसरी जात एएमटी. आतून हा साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर पाडायचं काम यंत्र करतं. व्होल्वोचा २००१ साली आलेला आय-शिफ्ट याच जातीचा. इथून पुण्याला रात्रभर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये तो दिसतो. दोन्हींच्या सवयी वेगळ्या, म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका. खाली नाव घेऊन सांगितलं नसेल तिथे बोलणं टॉर्क कन्व्हर्टरचं चाललं आहे असं समजा.

सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या ऑटोमॅटिकच्या आणखी दोन जाती मोठ्या गाड्यांत कमी येतात. त्यांचं ऑइल पूर्णपणे निराळं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कंपनीचा माणूस म्हणाला, ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरजच नाही. मग तुम्ही का बदलायला सांगता?

कारण लाइफटाइम म्हणजे कोणाचं आयुष्य, हे कोणी सांगत नाही. गाडी पहिल्या मालकाकडे असेतो बहुतेक वेळा काही होत नाही. तुम्हाला मात्र ती बारा-पंधरा वर्षं चालवायची असते.

झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरच्या मोठ्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. ज्या गाड्यांच्या पुस्तकात लाइफटाइम लिहिलेलं असतं, त्यांतही तिचे बॉक्स आहेत. पण ही कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांत ऑइल बदला. बॉक्स बनवणाराच असं म्हणत असेल तर आपण कोणाचं ऐकायचं?

ऑइल खराब करते ती उष्णता. आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ११२-११३ अंशांवर सतत चालणाऱ्या बॉक्समध्ये ते एक अष्टमांशावर आलं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४१-४२ अंश, एसी फुल, गाडीत सात माणसं आणि राजवाड्याच्या गर्दीत पाऊण तास फूट-फूट सरकणं. वेग नसल्यामुळे कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, आत ऑइल घुसळत राहतं आणि समोरून वाराही लागत नाही. मीटरवर दोन किलोमीटर वाढतात, पण ऑइलने त्याच्या कितीतरी पट सोसलेलं असतं.

मग किती किलोमीटरला बदलायचं?

आधी गाडीचं पुस्तक बघा. त्यात साध्या वापराचा आणि कठीण वापराचा असे दोन तक्ते असतात. धूळ, ऊन, गर्दी, घाट, जास्त वजन हे सगळं कठीण वापरात मोडतं, आणि इंदूरच्या गाडीला यातल्या निदान तीन गोष्टींचं तोंड रोज बघावं लागतं. घरच्या मोठ्या गाडीला मी ६० हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी येईल ते, असं सांगतो. नुसती हायवेवर पळणारी गाडी ८० हजारांपर्यंत खुशाल न्या.

व्यावसायिक गाड्यांसाठी किलोमीटर हा खोटा हिशोब ठरू शकतो. कचरा उचलणारा कॉम्पॅक्टर दिवसात चाळीस किलोमीटर जातो, पण शेकडो वेळा थांबतो आणि उभ्या उभ्या पीटीओवर, म्हणजे गिअरबॉक्समधून इंजिनाची ताकद बाहेर घेणाऱ्या जोडणीवर, कचरा दाबायचा प्रेस चालवतो. तिथे इंजिनाचे तास मोजायचे. ॲलिसनच्या नव्या बॉक्सला ऑइल आणि फिल्टर किती शिल्लक आहे हे स्वतः सांगायची सोय असते, ती चालू आहे ना हे एकदा तपासून घ्या. फिल्टर बदलायचा राहून गेला तर ऑइल बदलणं अर्धंच झालं.

एकदा ड्रेन बोल्ट खोलला की सगळं जुनं ऑइल निघतं का?

निघत नाही. बॉक्सच्या तळाच्या चेंबरमधलं निघतं, कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपमधलं आतच राहतं. बहुतेक गाड्यांत एका वेळी साधारण ३५ ते ४५ टक्के बाहेर येतं. ४० टक्के धरा. पहिल्यांदा काढून भरलं की जुनं ६० टक्के उरलं, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा २२ च्या आसपास. म्हणून मी तीन वेळा काढून-भरून घ्यायला सांगतो, मध्ये आठवडा-पंधरा दिवस गाडी चालवून. ऑइल जास्त लागतं हे खरं, पण बॉक्सला अचानक धक्का बसत नाही.

मशीन लावून एका बैठकीत सगळं बदलायची पद्धतही आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला ती चालते. कधीच न बदललेल्या गाडीला दाबाने फ्लशिंग करायच्या मी विरोधात आहे. तळाशी बसलेला गाळ उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब वळवून गिअर पाडणाऱ्या भागाच्या, केसासारख्या बारीक वाटांत जाऊन अडकतो.

दीड लाख झाले, एकदाही बदललं नाही. लोक म्हणतात, आता बदललंस तर गिअरबॉक्स बसेल.

ही भीती निराधार नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्समध्येही आत गिअर धरणारे क्लच असतात. ते अर्धवट झिजले की त्यांचा चुरा जुन्या ऑइलमध्ये तरंगत असतो आणि त्याच्याच आधाराने ते क्लच कसेबसे पकड धरून असतात. नवीन, स्वच्छ ऑइल आलं की ती पकड सुटते. पण मग बॉक्स ऑइल बदलल्यामुळे गेला असं नाही. तो गेलेलाच होता, दोन महिन्यांनी कळायचं ते आज कळलं.

म्हणून आधी चालवून बघायचं. गिअर मऊ पडतात, स्लिप मारत नाही, ऑइल तपकिरी आहे पण जळका वास नाही, असं असेल तर थोडं थोडं करून बदला. ऑइल काळं, वास करपलेल्या रबरासारखा आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही, असं असेल तर नवीन ऑइलचे पैसे घालण्याआधी बॉक्स उघडायच्या खर्चाची तयारी ठेवा. असं असेल तेव्हा आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

ऑइल बघून तुम्हाला नक्की काय कळतं?

चेंबर खाली उतरवला की आतल्या कोपऱ्यांत छोटी लोहचुंबकं चिकटलेली दिसतात. त्यांच्यावर राखाडी मलम जमलेलं असतं. ते बोटावर घेऊन चोळायचं. काजळासारखं मऊ लागलं तर काळजी नाही, ती वर्षांची सहज झीज आहे. बोटाला कणी टोचली, चकाकणारा कीस दिसला, तर बेअरिंग किंवा गिअर खातोय. काळे, कागदासारखे तुकडे दिसले तर क्लचचं अस्तर सुटलंय. चुंबकं पुसून परत त्याच जागी लावायची. पुष्कळ ठिकाणी ती धुताना हरवतात आणि कोणाला पत्ता नसतो.

रंग नव्या ऑइलचा बहुधा लाल असतो. तो दुधात गुलाबाचं सरबत ओतल्यासारखा दुधाळ गुलाबी दिसला तर गाडी चालू करू नका. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. क्लचचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, त्या गोंदाचा पाणी हा शत्रू. असं ऑइल दिसल्यावर तशीच पाचशे किलोमीटर पळवलेली गाडी मी वाचलेली पाहिली नाही.

कुठलंही लाल ऑइल टाकलं तर चालेल ना? लोहा मंडीत स्वस्त मिळतं.

रंगावर जाऊ नका, डब्यावरचा नंबर वाचा. टोयोटाच्या सहा गिअरच्या बॉक्सला एटीएफ डब्ल्यूएस लागतं. ॲलिसनला टीईएस २९५ किंवा त्यानंतर आलेलं टीईएस ६६८, मॉडेल बघून. जुनं डेक्सरॉन थ्री नव्या पातळ ऑइलच्या जागी टाकलं तर डबा लालच दिसतो, पण आत दाब आणि घर्षण दोन्ही बदलतं आणि गिअर झटका मारायला लागतात. दुसऱ्या कंपनीचं ऑइल घ्यायला हरकत नाही, फक्त डब्यावर तुमच्या बॉक्सचा नंबर मंजूर म्हणून लिहिलेला हवा. सुट्टं ऑइल, कॅनमधून मापाने मिळणारं, मी घेत नाही.

लेव्हल घरी बघता येते का?

डिपस्टिक असेल तर येते. सपाट जागा, बॉक्स गरम, इंजिन चालू, लिव्हर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पी किंवा एनमध्ये. इंजिन ऑइल बंद गाडीत बघतात तसं इथे बघितलं तर लेव्हल चुकीची दिसते आणि लोक ऑइल कमी-जास्त करून बसतात. जास्त ऑइलही वाईट. फिरते भाग त्यात बुडून फेस होतो आणि फेसाला दाब नसतो.

हल्लीच्या घरगुती गाड्यांत डिपस्टिकच नसते. खालून एक बोल्ट खोलतात आणि ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच बॉक्समध्ये ४० अंशांच्या आसपास, ऑइल धारेचं थेंबांवर आलं की लेव्हल बरोबर. यासाठी गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायला हवी आणि स्कॅनरवर तापमान दिसायला हवं. जॅकवर एक बाजू उचलून हे काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

ॲलिसनच्या बटणवाल्या सिलेक्टरवर, बॉक्सला लेव्हल सेन्सर असेल तर, गाडी सपाट उभी करून न्यूट्रलमध्ये वरचा आणि खालचा बाण एकदम दाबा. बॉक्स गरम हवा. आठपासून उलटी मोजणी होते, दोन मिनिटांत ऑइल खाली बसतं आणि पडद्यावर लेव्हल येते. सिटी बसच्या ड्रायव्हरने हे रोज सकाळी केलं तर आमची अर्धी कामं कमी होतील, आणि तशी ती व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

गणपती घाट उतरताना न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं. करू का?

करू नका. हात जोडून सांगतो. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना या घाटाने वर्षानुवर्षं किती ट्रक खाल्ले हे धामनोदच्या लोकांना विचारा. न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवणूक जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पाय दाबून काही होत नाही. डिझेलही वाचत नाही, कारण नव्या गाड्यांत गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इंजिनाला इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन फिरतं ठेवायला इंधन लागतं.

शिवाय वेगात धावणारी गाडी न्यूट्रलवरून परत डीत टाकली की आतल्या क्लचला एका झटक्यात सगळा फरक पकडावा लागतो. त्यापेक्षा घाटाच्या तोंडाशीच मॅन्युअल मोडला घेऊन तिसरा किंवा दुसरा गिअर धरा. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू द्या.

बसला रिटार्डर, म्हणजे ब्रेकच्या मदतीला वेग रोखणारं यंत्र, असेल तर जरूर वापरा, पण ॲलिसनचा हायड्रॉलिक रिटार्डर गिअरबॉक्सच्याच ऑइलवर चालतो. ब्रेकची सगळी उष्णता त्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून बिजासन घाटासारख्या लांब उतारावर तापमानाच्या काट्याकडे लक्ष हवं, आणि अशा बसचं ऑइल सपाट रस्त्याच्या बसपेक्षा आधी बदलायचं.

घाट चढताना गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला. लगेच इंजिन बंद करायचं ना?

इंजिन बंद करू नका. सुरक्षित जागा बघून थांबा, पी किंवा एन करा, एसी बंद करा आणि इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. ऑइलचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की गरम ऑइल आहे तिथेच उभं राहतं, कूलरपर्यंत जातच नाही. दिवा गेला की हळू निघा. पुन्हा लागला तर गाडी पुढे रेटू नका.

नंतर आमच्याकडे या आणि कूलरची जाळी बघून घ्या. आपल्याकडे सोयाबीन कापणीच्या दिवसांत, दसऱ्याच्या आसपास, रस्त्यावर भुसा उडतो आणि रेडिएटर, कंडेन्सर, कूलर यांच्या मधल्या फटीत गादीसारखा बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. मधल्या फटीत टॉर्च मारली की कळतं. धुताना प्रेशर मशीन जवळ नेऊ नका, पात्या वाकतात. आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाने हवा किंवा पाणी मारा.

सिग्नलला डी ठेवू की एन?

मिनिटभराच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून डीतच राहा. सतत डी-एन, डी-एन करण्याने क्लच उगीच झिजतात. पलासियाला जाम लागून पाच मिनिटं हलणार नसाल तर एन करून हँडब्रेक ओढा. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरायची सवय मात्र सोडा; एएमटीमध्ये तर याने क्लच प्लेट एका दुपारीत जळते.

पार्किंगमध्ये पी टाकलं की काम झालं ना?

पी म्हणजे आत एका दातेरी चाकात अडकणारा बोटाएवढा खिट्टा. दोन-अडीच टनांची गाडी उतारावर त्याच्यावर लटकवू नका. ब्रेक दाबा, एन करा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्या, मग पी. सकाळी पीमधून काढताना 'खट्ट' असा जोराचा आवाज येत असेल तर रात्री हा क्रम चुकला होता. आणि आर-डी बदलताना चाकं पूर्ण थांबलेली हवीत.

एएमटी ट्रक-बसला काय वेगळं करायचं?

तिथे क्लच प्लेटची झीज आणि हवेचा दाब या दोन गोष्टी सांभाळायच्या. मोठ्या एएमटीत क्लच आणि गिअर हवेच्या दाबावर हलतात. हवेतलं पाणी शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही की पावसाळ्यात टाकीतलं पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं आणि गिअर अडकायला लागतात. लोक गिअरबॉक्स उघडायला येतात आणि दोष ड्रायरचा निघतो. टाकीच्या खालचा नळ उघडून पाणी येतंय का बघत जा. क्लच बदलल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या क्लचची यंत्राला ओळख, करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. गर्दीत इंच-इंच रांगण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम उचला.

गाडी रस्त्यात बंद पडली तर टोचन करून आणू का?

याचं उत्तर मी एका गाडीवरून देतो. आमच्या ओळखीतले एक काका नाशिकहून परत येत होते. सेंधव्याच्या पुढे गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, दिवा लागला, त्यांनी घाबरून इंजिन बंद केलं. मदतीला आलेल्या माणसाने मागची चाकं जमिनीवर ठेवून साठ-सत्तर किलोमीटर ओढलं. गाडी मागच्या चाकांवर चालणारी. आमच्याकडे आल्यावर बघितलं तर मूळ दोष एवढाच होता की उंदराने सेन्सरची वायर कुरतडली होती. तासाभराचं काम. पण चाकांबरोबर गिअरबॉक्स आत फिरत राहिला, इंजिन बंद म्हणून पंप बंद, वंगणाचा थेंब नाही. बुश आणि बेअरिंग निळे पडले होते. काकू रॅम्पखाली उभ्या राहून ते बघत होत्या आणि विचारत होत्या, "म्हणजे वायरच होती ना हो फक्त?" मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हा अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. ट्रक-बस असेल तर गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट खोलून मगच ओढायचं, चार बोल्टांचा प्रश्न असतो. आणि एकाच गिअरमध्ये अडकणं म्हणजे बॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा असतो. बॉक्स गेला असं समजून घाबरू नका.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

काळ्या मातीत गाडी रुतली की डी-आर, डी-आर करत झुलवू नका. चाक फिरतं, गाडी हलत नाही, आणि ऑइल पाच मिनिटांत घाटापेक्षा जास्त तापतं. चाकाखाली दगड, फळी, गोणपाट घाला किंवा ट्रॅक्टर बोलवा. साचलेल्या पाण्यातून गेला असाल, पाणी बंपरच्या वर आलं असेल, तर आठवड्यात ऑइल तपासून घ्या. बॉक्सला हवा घ्यायची एक नळी असते, गरम बॉक्स थंड पाण्यात गेला की तिच्यातून पाणी ओढलं जातं. उंदरांचं वर आलंच आहे. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर बॉनेट मधूनमधून उघडून बघा.

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतोय. गिअरबॉक्स कसा पारखू?

मालकाला आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका, मी येऊन सुरू करीन. थंड बॉक्समध्ये दोष उघडे पडतात. ब्रेक दाबून आर टाका आणि मनात मोजा. दीड-दोन सेकंदांच्या आत गाडीने हलका ताण घ्यायला हवा. उशीर लागला, किंवा धक्का बसला, तर लिहून ठेवा. मग डीतही तसंच. यानंतर निदान अर्धा तास चालवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच निघतात. पन्नास-साठच्या वेगात हलक्या पायाने जाताना रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच किंवा जुनं ऑइल, दोन्हींपैकी एक आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत ना हे चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत जरूर बघा.

शेवटी बिलं मागा. गिअरबॉक्स ऑइलचं बिल तारीख आणि किलोमीटरसह असेल तर त्या गाडीला दहा-वीस हजार जास्त द्यायला मी मागेपुढे बघणार नाही. बिल नसेल तर सौदा करण्यापूर्वी गाडी रॅम्पवर घ्या आणि लेव्हलचा बोल्ट खोलून दोन थेंब ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. नाही म्हणणाऱ्या मालकाची गाडी घेऊ नका.